दोन बोटं माया

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी उघड्या कपाटासमोरच उभी होते. यवतमाळला मीटिंग होती आणि कोणती साडी नेसावी याचा विचार चालला होता. पांढरकवड्याच्या वसतिगृहातली एक मुलगी फोनवर रडत रडत सांगत होती, "मॅडम, ताईंच्या छातीत दुखलं, लगेच दवाखान्यात नेलं, पण…" मी ऐकत होते आणि हात आपोआप हँगर सरकवत होता. आमच्या समाजात मातीला जाताना बाया पांढरं नेसतात. काळी, निळी, सिमेंटी, डाळिंबी, मोहरी… हँगर संपले. पांढरी एकही नव्हती. चौदा वर्षं नोकरी करणाऱ्या बाईच्या कपाटात एक पांढरी साडी असू नये, याला जबाबदार जगात एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच आज गेलं होतं. मी पलंगावर बसले. खोटं कशाला सांगू, आधी मला तिचा राग आला. रडू नंतर आलं.

वच्छलाताई म्हणजे माझी मोठी जाऊ. जावाजावांचं गूळपीठ असलं की लोकांना संशय येतो. आमचं होतं आणि लोकांना यायचाही. मी मूळची राजूरची, कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी. आमच्या अंगणातल्या दोरीवर सकाळी वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी राखाडी होऊनच घरात यायचा, त्यामुळे कपड्यांबद्दल आमच्या घरात एकच मत होतं : मळखाऊ पाहिजे. मी डिप्लोमा केला, लग्न होऊन आर्णीला आले आणि दीड वर्षाने पंचायत समितीत कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. घरातली पहिली नोकरदार बाई. नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले, सासूबाईंनी डोळे पुसले, भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, ज्यांना मी दादा म्हणते, त्यांनी गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवलं. ताईने पेढा तोंडात टाकला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक हाय. पण घालशीन काय?"

बारावी शिकलेली, दिवसभर चुलीपाशी असणारी ही बाई कपड्यांचं काय सांगणार, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने माझी पेटी पलंगावर उलटी केली. आत पाच पंजाबी ड्रेस होते, सगळे आहेरातले. कुर्ता, सलवार आणि ओढणी एकाच रंगाची, एकाच नक्षीची. मला ते फार शोभिवंत वाटायचे. ताई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हे सेट म्हणजे काय हाय ठाऊक हाय का? घरातल्या घरात लग्न लावलं. भायेर कोनाशी सोयरीकच नाही यायची." मग तिने एकेक सेट फोडायला घेतला. या कुर्त्याखाली त्याची सलवार, त्यावर तिसऱ्याचीच ओढणी. जुळलं की बाजूला ठेवायची, नाही जुळलं की मान हलवायची. पाच ड्रेस पलंगावर टाकले होते, दुपारपर्यंत त्यांचे अकरा झाले. तिचा कायदा असा होता की ज्या कपड्याची घरातल्या निदान तिघांशी सोयरीक जुळत नाही, तो कितीही देखणा असला तरी उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही. आणि माझ्या कामाला पहिली नवी सलवार तिने कोणत्या रंगाची घेतली? सिमेंटी. "सिमेंटवाल्या बाईले सिमेंटी रंग. काळ्यावर धूळ दिसते, पांढऱ्यावर चिखल दिसतो. याच्यावर काय दिसते?" काहीच दिसत नाही, हे मी पुढे चौदा वर्षं पाहिलं.

तयार कपडा तिला मान्यच नव्हता. आठवडी बाजारात एक कटपीसवाला बसायचा, त्याच्या ढिगात ती कोपरापर्यंत हात घालायची. आवडलेला तुकडा आधी मुठीत चुरगळायचा, दहा आकडे मोजायचे, मूठ उघडायची. सुरकुती राहिली तर तुकडा परत ढिगात. एकदा मी तिला चांगल्या दुकानात नेलं तर ती ठाण धरून थेट रस्त्यावर उन्हात जाऊन उभी राहिली आणि दुकानातला नोकर मागे धावत आला. ती त्याला शांतपणे म्हणाली, "तुमच्या दुकानातली लाईट तुमची नोकर हाय भाऊ. ऊन कोनाचं नोकर नाही." एवढं पाहून शिकले तरी नागपूरला गेले असताना मी एका मोठ्या दुकानातून पोपटी कुर्ती घेऊन आलेच. फार सुंदर होती… आणि कशावरच जात नव्हती. ताईने तिचं नाव 'कुवारी' ठेवलं. त्यानंतर वर्षानुवर्षं, पाहुण्यांसमोरसुद्धा, ती मला विचारायची, "काय वं सुजाता, तुह्या कुवारीले स्थळ आलं काय?" पाहुण्या बाया बुचकळ्यात पडायच्या, कारण घरात लग्नाची मुलगी कोणीच नव्हती.

शिवायला आमचे एक ठरलेले मास्तर होते, बसस्टँडच्या मागे. ताईला मशीन चालवता येत नव्हतं, पण ती मास्तरांच्या डोक्यावर उभी राहून शिवून घ्यायची. "मास्तर, माया ठेवजा. दोन बोटं." शिवणीच्या आत जे जादा कापड मुडपून ठेवतात त्याला माया म्हणतात, हे मलाही तेव्हाच कळलं. मास्तर कुरकुरायचे. "ताई, दोन बोटं माया ठेवली तर आत जाड लागते, फिटिंग येत नाही." ताई ऐकायची नाही. "फिटिंग आज येते, बाई उद्या बदलते. आता लेकरू होईन, अंग सुटन, आजारी पडली तं उतरन. दर वेळी काय नवीन घ्याचं? माया असली का कपडा बाईच्या मांगं मांगं येते." तेव्हा मी पंचवीस वर्षांची, काडीसारखी. माझ्या डाळिंबी ब्लाऊजच्या दोन्ही बाजूंना, पाठीला, बाह्यांना एवढी माया होती की त्यात अर्धी बाई अजून मावली असती. मला ते हसण्यासारखं वाटायचं.

पण नुसत्या रंग आणि शिवणीने कोणी साहेब होत नाही. पहिल्याच महिन्यात एका गावात पाण्याच्या टाकीचं काम बघायला गेले, तर कंत्राटदाराने मला झाडाखाली खुर्ची दिली, चहा दिला आणि अदबीने विचारलं, "ताई, साहेब कितीक वाजता येतीन?" मी साहेब आहे हे सांगायला तो चहा संपेपर्यंत माझी जीभ रेटेना. घरी येऊन मी ताईजवळ रडले. मला वाटलं ती त्या माणसाला शिव्या देईल. तिने विचारलं, "उभी कशी होतीस? हात कुठं होते तुहे?" मी आठवून सांगितलं की वारा होता, ओढणी उडत होती, दोन्ही हातांनी ओढणी धरली होती. "मंग? दोन्ही हात ओढनीनंच खाल्ले तं साहेब काय घेऊन दिसशीन?" आठवड्याभरात मास्तरांकडून तीन बिनबाह्यांच्या कोट्या शिवून आल्या, कुर्त्यावर घालायच्या. काळी, निळी, मातकट. प्रत्येकीला दोन खोल खिसे. एका खिशात माप घ्यायचा टेप, दुसऱ्यात डायरी आणि पेन. मी म्हटलं, बाईच्या कपड्याला एवढे मोठे खिसे बरे दिसत नाहीत. तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. आमच्या घरात ज्यांचा फोटो असतो, ते कायम कोटात असतात. "थे काही हौस म्हून कोट घालत नव्हते. मोठ्या लोकायनं खुर्ची द्यावी म्हून घालत होते." पुढच्या खेपेला टाकीवर गेले, गाडीवरून उतरले, खिशातून टेप काढला आणि कोणाशी न बोलता सरळ कॉलमला लावला. कंत्राटदार स्वतः मागे धावत आला. त्या दिवशी खुर्ची मी मागून घेतली.

आता पांढऱ्याची गोष्ट. ताईच्या सगळ्या कायद्यांना कारणं होती, पण पांढऱ्याला नव्हतं. "कामाले पांढरं नाही घालाचं," एवढंच. मळतं म्हणावं तर मीटिंगच्या हॉलमध्ये कसला मळ? आणि खरं बघितलं तर पांढऱ्याची सोयरीक तिघांशीच काय, सगळ्या जगाशी जुळते. म्हणून एकदा यवतमाळच्या प्रशिक्षणासाठी मी तिला न विचारता पांढरी साडी आणली आणि नेसून तिच्यासमोर उभी राहिले. तिचा चेहरा उतरला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी इस्त्री करत होते, ती समोर बसून बाह्या सरळ करून देत होती, आणि एकदम हसायलाच लागली. "तुले सांगतो. पन दादाले नाही सांगाचं."

तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती, तिचा अर्ज लागला, मुलाखतीला बोलावलं. काय नेसायचं? घरातली सगळ्यात भारी साडी म्हणजे लग्नातली. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असते. ताईची तशीच होती, पांढरीशुभ्र, बोटभर सोनेरी काठाची. कुंकू तिच्या माहेरीही कोणी लावत नव्हतं. अशी नटूनथटून ही नवी सून कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी एक वयस्कर बाई. ती सरकत सरकत जवळ आली, ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "किती दिवस झाले वं माय?"

"मले वाटलं लग्नाले किती दिवस झाले इचारते," ताई सांगत होती. "मी लाजून सांगतलं, तीन वर्सं. तं ते म्हणते, लेकरं? मी म्हटलं, नाही अजून. तं तिच्या डोयात टचकन पानी! म्हणते, एवढ्याशा वयात माय, देवाले काही डोये हायेत का नाही… आन् मंग एक बाबू भायेर येऊन वरडला, विधवा बायांचे अर्ज या टेबलवर आना. तं त्या बाईनं माह्या हात धरला आन् मले त्या रांगेत नेऊन उभी केली. म्हणे घाबरू नोको, तुह्यं पयले होईन." इथे ताईला हसू आवरेना. "अवं, माह्या नवरा भायेर पानठेल्यावर खर्रा घोटून राह्यला होता. आन् आत मी त्याले तीन वर्सांपूर्वीच मारून टाकलं!"

मीही पोट धरून हसले. इस्त्री बाजूला ठेवावी लागली. मग ती हसायची थांबली. मुलाखत न देता ती तशीच बाहेर आली होती आणि दादांना सांगितलं होतं की जागा आधीच भरल्या. साडी पेटीच्या तळाशी गेली. "त्या बाईचा मले राग नाही," ती म्हणाली. "मायेनंच केलं तिनं. मले वाईट वाटते ते मी उठून आली त्याचं. एवढंच तं बोलाचं होतं, का बाई, लग्नाची साडी हाय ही. तोंडातून निघालंच नाही पाह्य… वीस वर्सं झाले, अजून कधीमधी भाकर थापता थापता मनात म्हणतो मी. लग्नाची साडी हाय ही."

त्या दिवशी मला समजलं, माझ्या कपाटाशी तिचं काय चाललं होतं ते. मी माझी पांढरी साडी धाकट्या बहिणीला देऊन टाकली. आणि हेही लक्षात आलं, फार उशिरा, की माझे पाचांचे अकरा करणाऱ्या या बाईकडे स्वतःच्या मात्र घरात नेसायच्या चार साड्या होत्या, आणि आम्ही कोणीही ते कधी पाहिलं नव्हतं. याची लाज मला आजही वाटते.

म्हणून पांढरकवड्याच्या एका संस्थेची मुलींच्या वसतिगृहासाठी गृहमाता पाहिजे अशी जाहिरात आली, तेव्हा मी तिला न विचारता अर्ज भरून टाकला. ताई तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होती, मूलबाळ झालं नव्हतं, सासूबाईही गेल्या होत्या. बोलावणं आलं तेव्हा ती आधी रागावली, मग म्हणाली, "गावाच्या नावातच पांढरं हाय, मले नाही मानवत थे." मग खरं बोलली. "घालू काय?" मी माझं कपाट उघडलं. सिमेंटी रंगाची, डाळिंबी काठाची सुती साडी काढली. ब्लाऊज माझा डाळिंबी. तो काही तिच्या दंडातही चढेना. आम्ही दोघी मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी तो उलटा केला, चष्मा वर केला आणि ताईकडे पाहिलं. "ताई, तुमीच ठेवाले लावली होती." सगळ्या शिवणी उसवून त्यांनी दोन्हीकडची माया सोडली आणि नव्याने शिवण घालून दिली. ताईने आत जाऊन घातला. बसला. माझ्यासाठी ठेवलेल्या जागेत ती स्वतः मावली. फक्त शिवणीच्या बाजूने डाळिंबी रंग जरा गडद दिसत होता, कारण आत दडलेल्या कापडाला ऊन लागलं नव्हतं. "राहू दे," ती म्हणाली, "पदराखाली झाकते."

मुलाखतीच्या दिवशी बाकावर मी तिच्या शेजारी बसले होते आणि तिचा हात धरून ठेवला होता, उठून जाऊ नये म्हणून. ती आत गेली, पंधरा मिनिटांनी बाहेर आली. त्यांनी विचारलं होतं की मुली ऐकत नसतील तर काय कराल. ताईने सांगितलं होतं, "ज्या ऐकत नाही त्या पोरी बऱ्या जी. ज्या सगळंच ऐकतात, त्यायची मले काळजी वाटते." चौथ्या दिवशी तिला रुजू व्हायचं पत्र आलं. दादांनी पुन्हा अर्धा दिवस गॅरेज बंद ठेवलं. मी म्हटलं, ताई, साडी आणि ब्लाऊज तुमच्याकडेच राहू द्या. सहा वर्षं ते तिच्याकडे राहिले. ती सुट्टीला आर्णीला यायची तेव्हा कधी तो ब्लाऊज अंगावर दिसला नाही, आणि मला वाटायचं, पहिल्या नोकरीची आठवण म्हणून तिने जपून ठेवला असेल.

तिच्या मातीला मी माझ्या दुसऱ्या एका सिमेंटी साडीत गेले. सगळ्या पांढऱ्या बायांमध्ये मी एकटी तशी. कोणीतरी कुजबुजलं असेल; मला त्याचं काही वाटलं नाही. आठवड्याने पुण्यानुमोदनाला वसतिगृहातल्या मुली आल्या, त्यांनी तिचं सामान आणलं होतं. त्यात एका हँगरवर ती माझी साडी आणि तो ब्लाऊज. त्यांच्यातली एक कोलाम आदिवासी मुलगी, आता नर्सिंगला आहे, मला सांगायला लागली, "ही आमची मुलाखतीची साडी आहे मॅडम. जिला कुठे बोलावणं आलं, तिला ताई हीच नेसवायच्या. ब्लाऊज रात्रीतून हाताने आत घ्यायच्या नाहीतर सोडायच्या." मी ब्लाऊज उलटा केला. आतल्या मायेवर सुईच्या छिद्रांच्या ओळी होत्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी… प्रत्येक ओळ म्हणजे एक मुलगी, तिच्या अंगाच्या मापाची. मी मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं.

त्याच दिवशी दादांनी पेटीच्या तळातून तिची लग्नाची साडी काढून माझ्या हातात दिली. "तू ने. एकच डाव नेसली ते, लग्नात. मंग काहून नाही नेसली, कधी सांगतलं नाही तिनं." मी साडी घेतली. दादांना काही सांगायचं नाही, असा ताईला शब्द दिला होता. पण दादा, हा लेख तुम्ही वाचणारच आहात, म्हणून आता मोडते. तुमच्या ध्यानात राहिलं नाही, पण ती साडी ती दोनदा नेसली होती. त्या दिवशी जागा भरलेल्या नव्हत्या. आणि तुम्ही बाहेर खर्रा घोटत होता तेव्हा आत काय झालं होतं, ते वर लिहिलं आहे. तुम्ही हसाल, मला माहीत आहे. तिलाही तेच हवं होतं.

मागच्या सोमवारी मी ती साडी नेसून ऑफिसला गेले. इतक्या वर्षांत काठ जरा काळवंडला आहे, पण कापड पिवळं पडलेलं नाही. सोबत तो डाळिंबी ब्लाऊज घातला. आत घ्यावा लागेल म्हणून आदल्या दिवशी अंगाला लावून पाहिला होता, तर नेमका बसला. काडीसारखी बाई आता उरलेली नाही. शिवणीच्या आत अजून बोटभर माया शिल्लक आहे. दुपारी एका गावची सरपंचबाई रस्त्याच्या कामाची फाईल घेऊन आली. खुर्चीत बसली, माझ्याकडे पाहिलं, मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, फाईल टेबलावर ठेवायची विसरली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम… घरी कोनी गेलं काय?"

टेबलाच्या कडेवर मी हात ठेवला. उठून गेले नाही.

"नाही बाई," मी म्हटलं. "लग्नाची साडी हाय ही."